लागलं की 'हो' म्हणा

"डोळे मिटा काका, आणि लागलं की 'हो' म्हणा."

पायांच्या तपासणीच्या खोलीतली मुलगी असं म्हणाली आणि बाबांनी लगेच डोळे मिटले. अगदी घट्ट, लपाछपीत राज्य आलेलं लहान मूल मिटतं तसे. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, मोजे काढून बुटांत खोचलेले, दोन्ही पाय निळ्या रेक्झिनच्या स्टुलावर. तिच्या हातात पेनाएवढी एक दांडी होती आणि तिच्या टोकाला काटकोनात बसवलेला नायलॉनचा धागा, मासे धरायच्या गळाला असतो तसला. आधी तिने तो बाबांच्या मनगटावर टेकवून दाखवला. "हे असं लागेल, कळलं?" "कळलं." मग ती पायांकडे वळली. अंगठ्यावर धागा टेकवला, तो हलकेच कमानीसारखा वाकला, तिने उचलला. "आता?" "हो." मग चवड्याखाली. "हो." मग करंगळीच्या मुळाशी. "हो." मी भिंतीला टेकून, दोन फायली छातीशी धरून उभी होते. मला बरं वाटत होतं. मग तिने धागा उचलला, पायापासून चांगला वीतभर लांब हवेतच धरला आणि त्याच सुरात विचारलं, "आता?"

"हो," बाबा म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. समोरच्या कागदावर दोन पावलं छापलेली होती, त्यांवर तिने कसलीशी खूण केली आणि ती पुढच्या जागेकडे वळली. आणखी काही "आता?" झाले, आणखी काही "हो." त्यांतले खरे किती आणि हवेतले किती, हे मला सांगता येणार नाही, कारण एकदा शंका आल्यावर मी धाग्याकडे बघायचं सोडून बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलाची उत्सुकता होती तिथे. त्यांचं सगळं लक्ष कानांत होतं. प्रश्न आला की उत्तर, प्रश्न आला की उत्तर. बाहेर पडताना, वाकून बूट घालता घालता त्यांनी मला विचारलं, "पास ना?"

आणि मी म्हणाले, "हो."

त्या दिवशी पुढे बरंच काही घडायचं होतं, आणि ते याच्याहून पुष्कळ मोठं होतं. तरी मनात कुसळासारखं रुतून बसलं ते हेच. हवेत धरलेला धागा, बाबांचं "हो" आणि वर माझं.

हे हॉस्पिटल फक्त हृदयाचं आणि मधुमेहाचं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला हृदय, उजव्या हाताला शुगर, आणि मधे एक लांब कॉरिडॉर. आम्ही बरीच वर्षं फक्त उजवीकडे वळायचो. तिथली हवा मला पाठ आहे. सकाळी आठ ते दहा तिथे उपाशी माणसांची एक चिडचिडी शांतता असते. स्पिरिटचा वास, ओल्या फरशीचा वास, आणि कोपरात हात दुमडून कापसाचा बोळा दाबत बसलेली रांग. पहिलं रक्त देऊन झालं, खाऊन झालं, की दुसऱ्या रक्तापर्यंत दोन तास काढायचे असतात आणि मग त्या रांगेला वाचा फुटते. तुमची फास्टिंग किती, माझी किती, इन्सुलिन कधीपासून, किती युनिट. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मुलं मार्क सांगतात तसे आकडे सांगितले जातात, थोडे कमी करून. डाव्या बाजूला असं काही नाही. तिथे माणसं कुजबुजत बोलतात आणि प्रत्येक पेशंटच्या खांद्यावर कोणाचा तरी हात असतो. डावीकडचे घाबरलेले, उजवीकडचे कंटाळलेले, असा माझा कित्येक वर्षांचा ठोकताळा होता. दोन्ही विभाग एका छपराखाली असणं ही मला पेशंटची सोय वाटायची, एका खेपेत दोन कामं. भिंतीवरच्या चित्रातलं पांढऱ्या केसांचं जोडपं दोन्हीकडे सारखंच हसत पळताना दिसतं, तेव्हा छपाईचाही खर्च वाचला असेल, असंही मी एकदा मनात म्हटलं होतं.

यंदा बाबांच्या डॉक्टरांनी कॉरिडॉर ओलांडायला लावला. काही झालं होतं म्हणून नाही. "शुगर वीस वर्षांची झाली, आता दर वर्षी तिकडेही एक फेरी मारायची," एवढंच म्हणाले. जाता जाता त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धवटच ऐकलं. मधुमेही माणसाचा जीव बहुतेक वेळा साखर वाढून किंवा कमी होऊन जात नाही. सगळ्यांत जास्त मृत्यू हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होतात. त्या विकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट. रक्तातली जास्तीची साखर वाहिन्यांचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं खरवडत राहते, मोठ्या वाहिन्यांचं तसंच केसाएवढ्या वाहिन्यांचंही. मोठ्या वाहिन्या हृदयाला रक्त पुरवतात, बारीक वाहिन्या डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडाला आणि पायांच्या नसांना. म्हणजे डावीकडची माणसं आणि उजवीकडची माणसं असे दोन जथे मुळात नव्हतेच. उजवीकडचे डावीकडे पोहोचायचे बाकी होते.

ईसीजीची खोली थंड होती. बाबांनी शर्ट काढला आणि मी मान वळवली. वडिलांना असं उघडं, आडवं, दिव्याखाली बघायची सवय नसते आपल्याला. छातीवर गार जेलीचे ठिपके, रबरी फुग्यांच्या वाट्या, मनगटांना लाल आणि पिवळा चिमटा, घोट्यांना काळा आणि हिरवा. हिरवा डाव्या पायाला. ज्या पायाला तासाभरापूर्वी धागा टेकवलेला कळला नव्हता, त्याच पायाच्या घोट्यावरून आता हृदयाची खबर काढून घेतली जात होती, आणि ती बिनबोभाट मिळतही होती. यंत्र करकरलं, गुलाबी चौकटींचा कागद बाहेर आला. मिलिमीटरभराची एक चौकट म्हणजे सेकंदाचे शंभरातले चार भाग. मला या यंत्राबद्दल पहिल्यापासून माया आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइन्टहोव्हन यांनी ते बांधलं तेव्हा त्याचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. पेशंट खुर्चीत बसायचा, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून. यंत्राचा सगळा जीव चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेल्या एका तंतूत होता. चांदीचा मुलामा दिलेला, काचेसारख्या क्वार्ट्झचा, केसाहून बारीक. हृदयातून आलेल्या विजेने तो तंतू थरथरायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उतरायची. हॉस्पिटल प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटर लांब पडलं आणि एवढं धूड हलवता येईना, तर या गृहस्थांनी टेलिफोनच्या तारेवरून पेशंटचे ठोके प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. आलेखावरच्या उंचवट्यांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं आजही तीच आहेत.

आमचं घोडं अडलं ते क्यूपाशी.

डॉक्टरांनी फाइलमधून चौदा महिन्यांपूर्वीचा ईसीजी काढला आणि नव्याच्या शेजारी ठेवला. पेनाच्या मागच्या टोकाने आधी जुन्यावर तीन ठिकाणी टकटक केलं, मग नव्यावर त्याच तीन ठिकाणी. जुन्यात जिथे सपाट रेघ होती तिथे नव्यात एक छोटा, रुंद खड्डा होता. मग त्यांनी वर बघून अगदी सहज विचारलं, "हा अटॅक कधी येऊन गेला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बस चुकली की शेजारच्याकडे बघतो, तसं.

"कसला अटॅक?" बाबा म्हणाले.

टू-डी इकोमध्येही तेच दिसलं. काळ्या पडद्यावर राखाडी हृदय मुठीसारखं उघडझाप करत होतं आणि त्याची खालची भिंत बाकीच्यांच्या मागून, आळसावल्यासारखी हलत होती. तेवढा भाग मेला होता, व्रण धरून बसला होता. कधीतरी गेल्या चौदा महिन्यांत, कुठल्यातरी दिवशी, एक वाहिनी बंद पडली होती, स्नायूचा एक तुकडा ऑक्सिजनवाचून तडफडला होता, आणि बाबा त्या दिवशी घरात, रस्त्यावर किंवा झोपेत जिथे कुठे होते तिथे ते होऊन गेलं होतं. आमच्यापैकी कोणालाही पत्ता नव्हता. डॉक्टरांना याचं काही विशेष वाटलं नाही. हृदयाचं दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या नसाही पायाच्या नसांसारख्याच साखरेने बधिर होतात, म्हणाले. छातीवर हत्ती बसल्यासारखं वाटतं, डाव्या हातात कळ जाते, हे सगळं ज्याच्या नसा शाबूत आहेत त्याच्यासाठी. अशा माणसाला नुसता दम लागतो, मळमळतं, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं, किंवा काहीच होत नाही.

नंतर मी याच्यावर बरंच वाचलं. रात्री झोप न येणारी माणसं वाचतात तसं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या ५,२०९ माणसांना १९४८ पासून दर दोन वर्षांनी तपासत राहायचं, एवढ्या साध्या कल्पनेवर हृदयविकाराबद्दलचं आपलं निम्मं शहाणपण उभं आहे. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, यांच्याकडे बोट दाखवलं ते या गावाने. त्याच गावाने आणखी एक गोष्ट दाखवली. तिथे नोंदल्या गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी पाव हिश्शाहून जास्त झटके फक्त त्या ठरलेल्या तपासणीच्या ईसीजीमुळे सापडले. त्या वेळी कोणी डॉक्टरकडे गेलं नव्हतं, किंवा गेलं असलं तरी तो झटका म्हणून ओळखला गेला नव्हता. आणि त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना काही म्हणजे काही जाणवलंच नव्हतं. दोन तपासण्यांच्या मधल्या कुठल्यातरी दिवशी ती माणसं कामाला गेली असतील, भांडली असतील, हसली असतील. मी १९५० च्या आसपासच्या त्या अनोळखी माणसांचा रात्री दोन वाजता विचार करत होते, हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

मग सुरू झाला दिवसाचा शोध. चौदा महिने म्हणजे सव्वाचारशे दिवस, त्यातला एक. मी फोनमधले फोटो तारखेने मागे नेत गेले. प्रत्येक फोटोत बाबांचा चेहरा मोठा करून बघायचा. हा थकलेला दिसतो का? इथे खुर्चीला का धरलंय? फोटोत माणूस हसतोच, त्याचा काय उपयोग. आईचा दिवस ठरलेला होता. पावसाळ्यातली एक दुपार, बाबा बँकेतून आले आणि कपडे न बदलता पलंगावर आडवे झाले, शर्ट पाठीला चिकटलेला. ती म्हणाली होती, "निदान चादरीवर तरी झोपू नका ओल्या अंगाने." दादाचा दिवस वेगळा. बाबांनी त्याला फोन केला होता, तो मीटिंगमध्ये होता, "महत्त्वाचं आहे का?" असं त्याने विचारलं, बाबा म्हणाले, "नाही रे, सहज," आणि दादाने परत फोन करायचं राहून गेलं. त्याच्या मते तोच दिवस. माझाही एक दिवस आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी निघालो होतो, लिफ्ट बंद होती, आणि दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर बाबा पायरीवर बसले. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. मी वरून म्हणाले, "बाबा, चला ना, आधीच उशीर झालाय." त्यांनी नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाचीही सोडून बांधली.

आठवडाभर आम्ही तिघं फोनवर आपापल्या दिवसाची बाजू मांडत होतो, आणि एकदा दादा रडला. मला तेव्हा कळलं की आम्ही झटक्याची तारीख शोधतच नव्हतो. स्वतः बाबांना विचारलं तर ते वैतागून म्हणायचे, "मला काही झालं नव्हतं. झालं असतं तर कळलं नसतं का?"

याचं उत्तर त्यांना द्यायचा धीर कोणाला झाला नाही.

खरं म्हणजे "सगळं ठीक आहे" हा बाबांचा जुना धंदा. पूर्वी तपासणीच्या दोन दिवस आधी आमच्या घरात एक वेगळेच गृहस्थ राहायला यायचे. गोडाकडे न बघणारे, पहाटे उठून तासभर चालणारे, जेवणाच्या वेळा घड्याळ लावून पाळणारे. फास्टिंग छान यायची. डॉक्टर पाठ थोपटायचे. रिपोर्ट खिशात पडला की हे गृहस्थ निघून जायचे आणि आमचे बाबा परत यायचे. ही सगळी व्यवस्था एका तपासणीने मोडून काढली, एचबीएवनसीने. इराणी डॉक्टर सॅम्युअल राहबर तेहरानमध्ये हिमोग्लोबिनवर काम करत असताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, त्यांना मधुमेही माणसांच्या रक्तात एक वेगळंच हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात दिसलं. साखर चिकटलेलं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जगते तोवर चिकटलेली साखर सोडत नाही, त्यामुळे गेल्या तीन महिन्यांचा हिशेब तिच्यात आयता मिळतो. बाबांना हा प्रकार मुळीच आवडला नाही. "यात माणसावर विश्वास नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. आता फाइल उघडली की मला वाटतं, या माणसाच्या अंगातली तांबडी पेशी तीन महिन्यांचं लक्षात ठेवते, हृदयाचा स्नायू मरेपर्यंतचं लक्षात ठेवतो, आणि पाऊल मात्र आत्ता टेकवलेला धागा विसरून जातं.

डावीकडच्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी केली. ईसीजीला जोडलेलंच ठेवून त्यांनी बाबांना सावकाश श्वास घ्यायला लावला, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटाला सहा. बाबा शिस्तीत करत होते. यंत्रावर ठोक्यांचा आकडा जवळजवळ स्थिर होता. झाल्यावर बाबा मला हळूच म्हणाले, "बघितलंस? अगदी घड्याळासारखे पडतायत." मीही मान डोलावली. धडधाकट माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही, हे मला त्यानंतर दहा मिनिटांनी समजलं. श्वास आत घेतला की ते किंचित पळतं, सोडला की किंचित रेंगाळतं. हृदयाला लगाम घालणारी नस जागी असल्याची ती खूण. श्वासाला दादच न देता एका लयीत पडणारे ठोके म्हणजे तिथलाही दोर सैल झालेला. डॉक्टर समजावत होते आणि बाबांच्या चेहऱ्यावर अजून घड्याळाचा अभिमान होता, तो उतरायला थोडा वेळ लागला.

पायांचंही तसंच. गेल्या वर्षी एकदा बाबा संध्याकाळी फिरून आले आणि बूट काढल्यावर त्यातून शर्टाचं बटण पडलं. दिवसभर ते टाचेखाली होतं. टाचेवर चार भोकांसकट गोल ठसा उमटला होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावर पोट धरून हसलो होतो. बाबाही. पॉल ब्रँड नावाच्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाबद्दल नंतर वाचलं तेव्हा ते हसू आठवून अंगावर काटा आला. ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे तिथे कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. बोटं, पावलं रोगाने सडून गळतात अशी तेव्हा समजूत होती. त्यांच्या लक्षात आलं की मांस बऱ्यापैकी चांगलं असतं, फक्त त्याला दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस गरम भांडं सोडत नाही, लंगडत नाही, जखमेवरच दिवसभर चालतो. एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरेना, ती एका मुलाने एका झटक्यात फिरवली, आणि त्याच्या बोटातून रक्त येत होतं, त्याला पत्ताच नव्हता. पुढे अमेरिकेत गेल्यावर हीच नजर त्यांनी मधुमेहींच्या पायांकडे वळवली. दुखणं ही देणगी आहे असं त्यांचं मत होतं. ज्याची दाढ ठणकत असेल त्याला हे पटणार नाही. मलाही वाचताना पटकन पटलं नाही. पण बटण पटलं.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट घ्यायला गेले तेव्हा मी मुद्दाम उजवीकडे वळले. पायांच्या खोलीतली ती मुलगी एकटीच होती, धागे पुसून डबीत ठेवत होती. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या माक्स फॉन फ्राय नावाच्या शास्त्रज्ञाने हीच परीक्षा घोड्याच्या केसांनी केली होती. आता नायलॉनचा धागा, बरोबर १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. मी म्हणाले, "मला एक सांगायचं होतं. त्या दिवशी माझे वडील... तुम्ही धागा लावला नव्हता तरी ते एकदा 'हो' म्हणाले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

तिने वर पाहिलं आणि ती हसली. "अहो ताई, ते मुद्दामच असतं. एकेका जागी तीनदा विचारायचं, त्यात एकदा न लावता." तिने बाबांच्या फाइलमधला तो पावलांचा कागद काढून माझ्यासमोर धरला. दोन्ही पावलांवर, जवळजवळ सगळ्या गोलांत, बारीक अक्षरात फुल्या होत्या. खाली इंग्रजीत एक ओळ, संरक्षक संवेदना नाही अशा अर्थाची. म्हणजे त्या दिवशी "पास ना?" असं त्यांनी विचारलं आणि मी "हो" म्हणाले, तेव्हा हा कागद माझ्याच छातीशी धरलेल्या फाइलमध्ये होता.

"मग तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं? बहुतेक सगळे 'हो' म्हणतात," ती म्हणाली. डबीचं झाकण लावता लावता तिने पुढे सांगितलं, "घरचं माणूस खोलीत असलं की जास्तच."

मग तिने मला घरी करायची एक युक्ती शिकवली. धागा नको, काही नको. पेशंटने डोळे मिटायचे, आपण तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना अगदी अलगद टेकवायचं, दोनेक सेकंद. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं, करंगळ्या, अशी सहा बोटं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ही पद्धत मांडली. त्या गावाचंच नाव तिला आहे. शिवाय रोज रात्री तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, बूट घालायच्या आधी उलटे करून झटकायचे. "त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा," ती म्हणाली.

बाबांच्या हृदयाची बाकीची कथा सांगण्यासारखी नाही, म्हणजे ती बरी चालली आहे. अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट बसला, गोळ्यांच्या डब्याला दोन कप्पे वाढले. शुगरची एक जुनी गोळी जाऊन नवी आली, साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. त्या जातीतलं एक औषध हृदयाला धोका तर करत नाही ना, हे तपासायला हजारो पेशंटांवर चाचणी घेतली, आणि २०१५ मध्ये निकाल आला तो असा की उलट हृदयविकाराने होणारे मृत्यूच कमी झाले. उजवीकडचं औषध डावीकडे लागू पडलं. बाबांना हे फार आवडलं. येईल त्याला सांगतात.

रात्रीचं पायांचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही ओशाळलो होतो. वडिलांचे तळवे मी त्याआधी कधी पाहिले होते, मला आठवत नाही. पांढुरके, कोरडे, टाचेला बारीक भेगा, उजव्या चवड्याखाली जुनं कडक घट्ट्यासारखं काहीतरी. मी मोबाइलच्या टॉर्चने बघायचे आणि ते छताकडे बघत बातम्यांबद्दल बोलायचे. मग डोळे मिटायचे. पहिले काही दिवस जुनंच चाललं होतं. "आता?" "हो." "आता?" "हो." मी हवेतला प्रश्न कधी विचारला नाही, विचारवला नाही. नंतर एकदा मी "आता?" म्हणायचंच सोडून दिलं. काही न बोलता बोट टेकवायचं आणि थांबायचं. त्या रात्री खोलीत बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. पंख्याचा आवाज, आईचा स्वयंपाकघरात भांडी लावल्याचा आवाज. बाबा डोळे मिटून पडले होते. घट्ट नाही, नुसते मिटलेले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लावलंस का गं?"

माझं बोट केव्हापासून त्यांच्या अंगठ्यावर होतं.